कंड्लु तिरुगुतुन्नय् आणि डॉ. कोटणीसांची शब्दांची वही

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी गच्चीवर शेंगदाणे वाळत घालत होते, तेवढ्यात लेकीची पीडीएफ आली. खाली एवढंच लिहिलेलं, "आई, पान चार बघ." हात दाण्यांच्या फोलांनी भरलेले. तसेच पदराला पुसले आणि पायरीवर बसून फोन उघडला.

लेक युरोपातल्या एका विद्यापीठात शिकते. तिथल्या आशिया अभ्यास केंद्राची ही वार्तापत्रिका, दर सत्राला निघते. याआधीचे दोन अंकही तिने पाठवले होते. मी नुसते फोटो बघून ठेवून दिले होते, हे खरं सांगते. या वेळी मात्र पहिल्या पानापासून वाचायला घेतला. इंग्रजी आहे, पण साधं आहे. जपानी चित्रांच्या गुंडाळ्यांवर कुणाचं तरी व्याख्यान. दर बुधवारी फारसी हस्तलिखितं एकत्र बसून वाचायचा तास. एका निवृत्त प्राध्यापकाने आयुष्यभर जमवलेली इंडोनेशियन पुस्तकं केंद्राच्या ग्रंथालयाला दिली, त्या खोक्यांचा फोटो. भाषा शिकायला जाणाऱ्यांसाठी प्रवासाचे पैसे, अर्जाची तारीख. आणि चौथ्या पानावर विद्यार्थी सध्या काय अभ्यासतायत त्याच्या बातम्या. त्यात तिसरं नाव माझ्या लेकीचं. विषय, युद्धकाळातले दवाखाने आणि तिथल्या भाषा, उत्तर चीन, १९३७ ते १९४५. आणि नावाखाली गाव लिहिलेलं: सोलापूर, महाराष्ट्र.

सात रस्त्याला जाऊन त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक देवघराच्या फळीवर आहे, दुसरी माझ्या जुन्या वहीत. त्या वहीबद्दलच आज लिहायचंय, पण त्याआधी डॉक्टर कोटणीसांबद्दल लिहायला हवं.

सोलापूरच्या माणसाला कोटणीस वेगळे सांगावे लागत नाहीत, असं आपण धरून चालतो. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक झालंय, शाळेच्या सहली जातात, जयंती-पुण्यतिथीला हार पडतो. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला, तो आमच्या आईच्या पिढीने पाहिलेला. मीही लहानपणापासून एवढंच ओळखत होते: आपल्या गावचा एक डॉक्टर चीनला गेला आणि तिथेच वारला. पस्तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, तरी त्यांच्याकडे एका दवाखान्यातला माणूस म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. लेकीने विषय घेतल्यावर बघायला लागले.

जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. डॉक्टरकी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते, त्यांनी लोकांना आवाहन केलं, वर्गणी जमवली, आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. कोटणीस अठ्ठाविसाव्या वर्षात होते. चीनची तेव्हाची राजधानी चुंगकिंग, तिथे पोचल्यावर घरून वडील गेल्याची बातमी आली. परत फिरले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ते पुढे येनानला, चू तेह यांच्या बाजूच्या तळावर गेले.

१९४० सालच्या एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत होते, झोप नाही. त्या लढाईतल्या ८०० हून जास्त जखमींवर त्यांनी उपचार केले. हा आकडा भाषणांत नेहमी येतो आणि टाळ्या पडतात. मी तो परिचारिकेच्या नजरेने वाचला, तेव्हा मला दिसली ती उकळायला ठेवलेली भांडी. ७२ तास डॉक्टर उभा आहे म्हणजे त्याच्याबरोबर कुणीतरी ७२ तास हत्यारं उकळतंय, बँडेज धुऊन वाळवतंय, कंदील धरतंय. आणि प्रत्येक जखमीला टेबलावर घेताना कुणीतरी त्याला विचारतंय, कुठं दुखतं? कधीपासून? पाय हलतो का? हे कुठल्या भाषेत विचारलं असेल?

या प्रश्नापाशी आम्ही दोघी फोनवर थांबलो. लेक म्हणाली, "आई, हाच तर माझा विषय आहे."

मग तिने मला सांगितलं की उत्तर चीनमध्ये शिजियाझुआंग नावाचं शहर आहे. तिथे हुतात्म्यांच्या स्मारकात कोटणीसांचा पुतळा आहे, आणि तिथल्या छोट्या संग्रहालयात त्यांच्या हातची एक वही ठेवलेली आहे. मुंबईहून चीनला जाताना त्यांनी केलेली शब्दांची वही. चिनी शब्द शिकायला म्हणून लिहिलेली.

मी थोडा वेळ काही बोलले नाही. ती "हॅलो, हॅलो" करायला लागली.

माणूस बोटीवर आहे. पुढे काय वाढून ठेवलंय ठाऊक नाही. हातात काही आठवडे आहेत. आणि तो वही घेऊन शब्द लिहीत बसतो. पुढे तो इतकं चिनी शिकला की बोलायला लागला, थोडं लिहायलाही लागला. डॉ. नॉर्मन बेथ्यून म्हणून कॅनडाचे शल्यविशारद तिथे आधीपासून काम करत होते. जखमीवर शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या समाधीचा कार्यक्रम होता, तिथे कोटणीस आले होते आणि तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेने त्यांना पहिल्यांदा पाहिलं. हिंदुस्थानातून आलेला हा माणूस आपल्या भाषेत बोलतो, याचंच तिला फार अप्रूप वाटलं होतं. १९४१ च्या जानेवारीत कोटणीस बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षाच्या शेवटी दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला, त्याचं नाव इन्ह्वा. इन् म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. फेफरं यायचं त्यांना, त्यातच गेले. वय ३२. शस्त्रक्रियेवरचं दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालं होतं.

आमच्याकडे फेफऱ्याचा रुग्ण आला की सोबतच्या माणसाला आम्ही बजावून सांगायचो, जागरण करू देऊ नका, उपाशी राहू देऊ नका. ज्या माणसाला हे सांगायचं तोच तिथे डॉक्टर होता, आणि जागरण आणि उपास सोडून त्या डोंगरात दुसरं होतं काय? हे लिहिताना अजून गलबलतं. मुलगाही पुढे १९६७ मध्ये गेला, वैद्यकीय शिक्षण संपत आलेलं असताना. छिंगलानबाई मात्र २०१२ पर्यंत होत्या. त्या कितीतरी वेळा भारतात आल्या. एका परिचारिकेने दुसरीला नमस्कार करायचा राहून गेला, असं मला त्या गोष्टीचं वाटतं.

आता आशिया अभ्यास केंद्राचं. लेक त्या विद्यापीठात गेली तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, "असल्या अभ्यासाचं करायचं काय असतं ओ?" मीसुद्धा मनात तेच विचारत होते. ती आधी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकली. शनिवार-रविवारला हुतात्मा एक्सप्रेसने घरी यायची आणि स्वयंपाकघराच्या कपाटांवर जपानी शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायची. मिठाच्या डब्यावर, चहाच्या डब्यावर. त्यातून चिनीकडे वळली. मला वाटायचं, मुलगी हुशार आहे, बँकेची परीक्षा दिली असती तर बरं झालं असतं.

त्याचं उत्तर मला कोटणीसांच्या नावातच मिळालं. चीनमध्ये त्यांना द्वारकानाथ कोटणीस म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे त्यांचं नाव वेगळं आहे. मराठीत कुणी 'के दिहुआ' लिहितं, लेक म्हणते उच्चार 'ख तिह्वा'च्या जवळ जातो. पथकातल्या पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी ह्वा, चीन. ही नावं दिली कुणी? तान युन-शान यांनी. आणि हे तान युन-शान कोण? शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये चीना भवन सुरू केलं, चिनी भाषा आणि चीनचा अभ्यास करण्यासाठी, त्याचे पहिले प्रमुख. म्हणजे आशियाचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्राचा माणूस चुंगकिंगमध्ये या डॉक्टरांना भेटला आणि त्याने आमच्या सोलापूरच्या पोराला असं नाव दिलं की ते आजही चीनमध्ये शाळकरी मुलांना माहीत आहे. जखमी सैनिकाला 'कोटणीस' म्हणता आलं नसतं. ख तिह्वा म्हणता आलं. असल्या अभ्यासाचं काय करायचं असतं ते हे.

आता माझी वही.

१९८६ ला माझं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं आणि पुढच्याच वर्षी सोलापुरातल्या एका दवाखान्यात लागले. कुठला ते लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. सोलापूरच्या दवाखान्यात सकाळची ओपीडी म्हणजे चार भाषांचा बाजार असतो. अक्कलकोटकडून आलेला माणूस कन्नड बोलणार, पूर्व भागातली पद्मशाली बाई तेलुगू, बेगम पेठेतली खाला दख्खनी, आणि मंगळवेढ्याची आजी अशी मराठी की पुण्याहून आलेल्या डॉक्टरला तीही कळायची नाही. शिक्षणात आम्हाला हाडांची नावं लॅटिनमध्ये पाठ करून घेतली. 'कुठं दुखतं' हे तेलुगूत कसं विचारायचं, ते तीन वर्षांत एकदाही कुणी शिकवलं नाही.

एक बिडी वळणारी बाई आली होती. तीस-बत्तीसची असेल. बोटांना तंबाखूचा वास, ओढलेला चेहरा, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कंड्लु तिरुगुतुन्नय् सिस्टर, कंड्लु तिरुगुतुन्नय्." डॉक्टर नवीन, बाहेरगावचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी साखर पेठेत वाढलेली, शेजारपाजाऱ्यांकडून दहा-वीस तेलुगू शब्द येत होते. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "सर, कंड्लु म्हणजे डोळे. तिरुगु म्हणजे फिरणं. डोळे फिरतात म्हणते." डॉक्टरांनी डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी लिहिली.

ती डोळ्यांच्या रांगेत तासभर उभी राहिली आणि तिथेच कोसळली. फरशीवर डोकं आपटलं. तीन टाके पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेचार, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. तेलुगूत डोळे फिरतात म्हणजे चक्कर येते. तिला भोवळ येत होती, आणि ती पहिल्या मिनिटापासून बरोबर तेच सांगत होती.

शब्द मी दोन्ही बरोबर सांगितले होते. अर्थ चुकला. ती बाई वाचली, तिला रक्त चढवलं, बारा दिवसांनी घरी गेली. पण तिची ती मुलगी बाकावर बसून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरलेले नाही. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर नवी पेठेतून एक छोटी वही घेतली. युनिफॉर्मच्या खिशात मावेल एवढी, लाल पुठ्ठ्याची, सव्वा रुपयाला. पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली: कंड्लु तिरुगुतुन्नय्, चक्कर. डोळे नव्हे. 'नव्हे'खाली दोन रेघा.

मग ती वही भरत गेली. 'एक्कड नोस्तुंदि', कुठं दुखतं. 'जरम', ताप, म्हणजे आपला ज्वरच. 'आयासम्', धाप. मराठीत आयास म्हटलं की कष्ट, तेलुगूत दम लागणं. दम्याच्या बाईने आयासम् म्हटलं की नवीन मुलींना वाटायचं काम करून दमली आहे. कन्नडचं पान वेगळं. 'एल्लि नोवु', कुठं दुखतं. आणि 'संकट'. दुधनीचा एक म्हातारा पोटावर हात ठेवून 'संकट, संकट' म्हणत होता आणि आमच्या मावशी त्याला विचारत होत्या, "काय झालं ओ घरी? कोण गेलं का?" कन्नडमध्ये पोटात कसंतरी होणं, जीव कासावीस होणं, तेही संकटच. त्याला जेवण गेलं नव्हतं दोन दिवस. शेजारी शेजारी राहून आपण तेच शब्द वापरतो आणि तेच शब्द आपल्याला फसवतात. अगदी परका शब्द असला तर माणूस थांबून विचारतो तरी. ओळखीचा वाटला की विचारत नाही.

त्या एका वहीच्या पुढे तीन झाल्या. निवृत्त झाले तेव्हा शालीबरोबर त्याही घरी आणल्या आणि कपाटात टाकल्या. लेकीला त्या ठाऊक होत्या, लहानपणी तिने एकीवर चित्रं काढलेली आहेत. कोटणीसांच्या वहीचं ती मला सांगत होती तेव्हा तिच्या डोक्यात माझ्या वह्या होत्या, आणि मला कळलंच नव्हतं.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा सुरू असताना, तिने विचारलं. केंद्रात विद्यार्थ्यांची एक बैठक असते, जो तो आपलं काम मांडतो. "आई, तू दहा मिनिटं बोलशील? मराठीत बोल. मी सांगेन त्यांना." मी आधी नाही म्हटलं. विद्यापीठात मी काय बोलणार. ती म्हणाली, "तू डोळ्यांच्या चिठ्ठीची गोष्ट सांग फक्त."

त्यांचे दुपारचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. होम मैदानावरून जत्रेच्या भोंग्यांचा आवाज येत होता, म्हणून खिडक्या बंद केल्या. इरकल नेसून बसले. पडद्यावर बारा-चौदा तोंडं. मी गोष्ट सांगितली. लेक वाक्यावाक्याला थांबवून इंग्रजीत सांगत होती. बाई कोसळली तिथे पोचले तेव्हा तिचाही आवाज थोडा अडखळला. ही गोष्ट तिने घरात शंभरदा ऐकली असेल, पण परक्या माणसांना आपल्या तोंडाने सांगणं वेगळं.

त्या मुलांमध्ये उत्तर चीनमधली एक मुलगी होती. ती म्हणाली, आमच्याकडे चक्कर म्हणजे 'थौ युन', डोकं गरगरतं. पण माझी आजी 'येन ह्वा'ही म्हणते. येन म्हणजे डोळे, ह्वा म्हणजे फुलं. डोळ्यांत फुलं दिसतात, म्हणजे अंधुक दिसतं, अंधारी येते. तुमच्या त्या डॉक्टरांसारखा कुणी तिथे असता तर त्यानेही डोळ्यांचीच चिठ्ठी दिली असती.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "हा ह्वा म्हणजे कोटणीसांच्या नावातला ह्वा का गं?" लेकीने विचारून सांगितलं, नाही. तो ह्वा वेगळा, त्याचं अक्षर वेगळं, आणि सूरही वेगळा. त्या मुलीने दोन्ही म्हणून दाखवले. फुलाचा ह्वा वरच्या पट्टीत सपाट जातो. चीनचा ह्वा खालून वर चढतो, आपण "काय?" म्हणून विचारतो तसा. मी दोन्ही म्हटले. तिने मान डोलावली, मग पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्या वेळेला ती म्हणाली, बरोबर. माझ्या एकसष्टाव्या वर्षी मला दोन चिनी शब्द आले आणि दोन्हींचा उच्चार एकच आहे असं मी आता कधी म्हणणार नाही. मग तिला मी विचारलं, कुठं दुखतं याला काय म्हणतात. "नाऽर थंग?" ते मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. लाल वहीत शेवटचं अर्धं पान कोरं होतं.

कोटणीसांच्या वहीत हा शब्द असेलच. असायलाच हवा. मी असते तर पहिला तोच लिहिला असता.

बैठकीनंतर केंद्राने लेकीला सांगितलं की या वह्यांचे नीट फोटो काढून ठेवू या, तिच्या कामाबरोबर राहतील. तिने मला कसे काढायचे ते शिकवलं. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, वही सपाट, सावली पडता कामा नये, कडेला पट्टी ठेवायची म्हणजे आकार कळतो. तीन दिवस लागले. सगळी मिळून एकशे अठरा पानं. पहिल्या वहीच्या पानांवर अजून आयोडिनचे पिवळे डाग आहेत. एका पानावर कुणाच्या तरी पलंगाचा नंबर आणि "रात्री २ ला पुन्हा बघणे" असं लिहिलंय. ते पान मी काढणार नव्हते. लेक म्हणाली, काढ, तेच हवंय.

फोटो पोचल्यावर तिचे प्रश्न यायला लागले. कुठला शब्द कुणाकडून ऐकला? कोणत्या भागातली बाई? मला बरंचसं सांगता आलं. एके ठिकाणी मात्र अडले. दुसऱ्या वहीत, पेन्सिलीने, पुसट झालेलं: 'सोई लेदु'. पुढे अर्थच लिहिलेला नाही. लेदु म्हणजे नाही, हे ठीक. पण सोई? लेकीने वाचलं 'सोय नाही', म्हणजे दवाखान्यात खाटेची सोय नाही असं काहीतरी असेल. मला ते पटेना. सोय नाही असं मी मराठीतच लिहिलं असतं. आणि पुन्हा तेच, ओळखीचा शब्द. याच वाटेने आम्ही एकदा डोळ्यांच्या विभागात पोचलो होतो.

मागच्या रविवारी पूर्व भागात गेले. ती बिडीवाली अक्का आता सत्तरीला आली आहे. हो, तीच, हिमोग्लोबिन साडेचारवाली. आमचं येणंजाणं तेव्हापासून आहे, संक्रांतीचं वाण चुकत नाही. तिची ती मुलगी आता स्वतः आजी होईल. दारातल्या पायरीवर अक्का सूप मांडीवर घेऊन बसली होती. पानं ओल्या फडक्यात. आता हजार होत नाहीत, चारशे-पाचशे वळते. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोटांना दिसतं. पान कात्रीने फर्म्यावर कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, कडेने वळायचं, तोंड अंगठ्याच्या नखाने दुमडायचं, दोऱ्याचे दोन फेरे. बोलता बोलता चालूच असतं. कारखान्यात गेलं की त्यातली छाट वेगळी काढतात, त्याची मजुरी मिळत नाही. हे ती दरवेळी सांगते आणि दरवेळी तिला तितकाच राग येतो. मलाही येतो.

मी विचारलं, "अक्का, सोई लेदु म्हणजे काय गं?"

तिने बिडी सुपात ठेवली. डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली, हात सैल सोडला. मग एक डोळा उघडून म्हणाली, "असं. हाक मारली तर ओ नाही. सोई लेदु." शुद्ध नाही. आणि लगेच पुढे, "माझंच लिहिलंयस की. त्या दिवशी रांगेत पडले तेव्हा माझी पोरगी वरडत होती, अम्माकु सोई लेदु, अम्माकु सोई लेदु."

मला ते आठवत नव्हतं. वहीतही तारीख नव्हती. दुसऱ्या वहीत ते का आलं, नंतर कधीतरी आठवून लिहिलं का, तेही सांगता येत नाही. मी तिथूनच लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळचे साडेसात, डोळे चोळत उठली होती. अक्काने फोन दोन्ही हातांत धरला, अगदी तोंडाशी, त्यामुळे लेकीला नुसतं कपाळ आणि त्यावरची जुन्या तीन टाक्यांची रेघ दिसत असणार.

"म्हण," अक्का म्हणाली. "सोई."

"सोई," लेक म्हणाली.

"अंहं. सोय नव्हे. सोई. लांब सोड."

"सोईऽ."

"आं. आता लेदु."

मी पायरीवर बसून पानं ओल्या फडक्यात नीट झाकून ठेवली. त्या दोघींचं पुढे बराच वेळ चाललं.